घरचा सर्व्हर कोणाच्या भरवशावर

१४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नियमित साथ थांबवली आणि असंख्य घरांतले धडधाकट कॉम्प्युटर एका दिवसात म्हातारे ठरले. विंडोज ११ त्यांच्यावर चढत नाही, भंगारवाला किलोच्या भावाने मागतो आणि टाकून द्यायला मन होत नाही. त्याच्या चार वर्षं आधी, १ जून २०२१ पासून, गुगल फोटोजने अमर्याद मोफत साठवण बंद करून सगळ्यांना १५ जीबीत बसवलं होतंच. या दोन गोष्टी एकत्र आल्या की घरातला हौशी माणूस म्हणतो, या जुन्या मशीनचाच सर्व्हर करू. फोटो, बिलं, शेताचे उतारे, कॅसेटवरून उतरवलेली आजोबांची भजनं, सगळं घरातच राहील. विचार उत्तम आहे. मग तो विचारतो, ऑपरेटिंग सिस्टीम कोणती टाकू? आणि इथून गाडी बहुतेक वेळा भलत्याच रुळावर जाते.

कारण उत्तरादाखल त्याला तक्ते मिळतात. कोणती सिस्टीम किती रॅम खाते, कोणती किती सेकंदांत सुरू होते, कोणाचं वेब पॅनेल देखणं, कोणाकडे पॅकेजेस जास्त. हे सगळं खरं असतं आणि जवळजवळ निरुपयोगीही असतं. ऑफिसातल्या सर्व्हरमागे पगारी माणूस असतो. घरच्या सर्व्हरमागे फक्त हौस असते, आणि हौस पहिल्या महिन्यात ओसंडून वाहते, सहाव्या महिन्यात आटते. सर्व्हर मात्र पुढे आठ-दहा वर्षं कपाटाच्या मागे गुरगुरत राहतो. म्हणून माझं म्हणणं असं की घरच्या सर्व्हरसाठी सिस्टीम निवडताना तिचे गुण नंतर पाहावेत, आधी तिच्यामागच्या संस्थेची घटना वाचावी. ती कोण चालवतं, निर्णय कोण घेतं, आणि दिलेला शब्द फिरवायचा अधिकार कोणाच्या हातात आहे? ओपन सोर्स असणं ही पहिली पायरी झाली. तेवढ्याने भागत नाही.

तक्त्यांत काय येत नाही त्याचा एक नमुना. समजा, विंडोजवर एका व्हिडिओचं नाव कोणी हौसेने असं दिलंय: ‘आजीच्या पंच्याहत्तरीच्या कार्यक्रमात काकांनी केलेलं भाषण आणि नंतरचा गाण्यांचा कार्यक्रम दुसरा भाग’. विंडोजने ते बिनतक्रार घेतलं. तीच फाइल लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी४ डिस्कवर टाकायला जा, नाव फार लांब आहे म्हणून कॉपी अडते. झालं असं की दोघांची मर्यादा २५५ हीच आहे, पण विंडोज अक्षरखुणा मोजतं आणि लिनक्स बाइट मोजतं. इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह, म्हणजे अक्षर, काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडायची खूण, हे सगळं यूटीएफ-८ मध्ये तीन-तीन बाइट खातं. ‘पंच्याहत्तरीच्या’ या एकाच शब्दाची १६ चिन्हं आणि ४८ बाइट होतात. म्हणजे मराठी नावाला प्रत्यक्षात ८५ चिन्हांचीच जागा मिळते. हजारो फायली एका झटक्यात हलवायला घेतल्या की अशी पाच-पंचवीस नावं मागे राहतात, आणि संदेश नीट वाचले नाहीत तर ती मागे राहिली हे कळतही नाही.

मी हे सांगतोय ते मराठीवर अन्याय झाला अशी तक्रार करायला नव्हे. मुद्दा असा की डेबियन घ्या, उबुंटू घ्या, फेडोरा घ्या, ही अडचण तिथे जशीच्या तशी आहे. कर्नल तोच, फाइल सिस्टीमची मर्यादा तीच, फायलींची देवाणघेवाण करणारा सांबा तोच. लिनक्सची जी शेकडो वाणं बाजारात आहेत त्यांतला नव्वद टक्के ऐवज सारखाच असतो असं म्हटलं तर ते फार चुकणार नाही. मग फरक कशात असतो? कोणत्या वेळी काय बदलायचं, जुनं किती दिवस सांभाळायचं आणि चूक झाली तर कोणाला कधी सांगायचं, यात. हे सगळे तांत्रिक वेषातले प्रशासकीय निर्णय आहेत.

याचं सर्वांत बोलकं उदाहरण सेंटओएसचं. रेड हॅट ही कंपनी आपलं लिनक्स मोठ्या ग्राहकांना वर्गणीवर विकते. परवान्यामुळे तिचा सोर्स उघडा असतो. त्यापासून नाव आणि बोधचिन्ह तेवढं काढून बनवलेली फुकट प्रतिकृती म्हणजे सेंटओएस. हा स्वयंसेवकांचा प्रकल्प २००४ पासून चालला आणि घरापासून विद्यापीठांपर्यंत लाखो यंत्रांवर बसला. २०१४ मध्ये रेड हॅटने तो आपल्या पंखाखाली घेतला, तेव्हा बहुतेकांना आनंदच झाला; आता पैशाची चिंता मिटली म्हणून. २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅटच विकत घेतली. त्याच वर्षी सप्टेंबरात सेंटओएस ८ आलं, २०२९ पर्यंत सांभाळू अशी हमी घेऊन. आणि ८ डिसेंबर २०२० ला जाहीर झालं की ही आवृत्ती २०२१ च्या अखेरीला बंद. दहा वर्षांचा वायदा दोन वर्षांवर आला. कायदा मोडला नाही, परवाना मोडला नाही. सोर्सची एक ओळसुद्धा लपवली नव्हती.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे समजवायला फार लांब जायला नको. फ्लॅटचे पैसे भरले, नोंदणी झाली, सोसायटी स्थापन झाली, पण बिल्डरने जमिनीचं कन्व्हेयन्स काही करून दिलं नाही, अशा इमारती शहरांत थोड्या नाहीत. रोजच्या राहण्यात काही अडत नाही. पाणी येतं, लिफ्ट चालते, गणपतीची वर्गणी जमते. पुनर्विकासाचा विषय निघाला की मात्र कळतं, आपण घराचे मालक होतो, जमिनीचे नव्हतो. सेंटओएसवाले अशाच इमारतीत राहत होते. फरक एवढाच की सॉफ्टवेअरमध्ये मूळ आराखडा उचलून शेजारी हुबेहूब तशीच इमारत उभारायची मुभा असते. ती वापरून २०२१ मध्ये रॉकी लिनक्स आणि अल्मालिनक्स उभी राहिली. रॉकीमागचे ग्रेगरी कर्टझर हे सेंटओएसच्या मूळ संस्थापकांपैकीच. तरी जून २०२३ मध्ये रेड हॅटने सोर्स मिळण्याची वाटही अरुंद केली आणि या दोघांना पुन्हा आपापला मार्ग शोधावा लागला. पुण्यात रेड हॅटचं मोठं अभियांत्रिकी केंद्र आहे, तिथले लोक उत्तम काम करतात, आणि त्यांच्या कामाशिवाय आजचं लिनक्स उभंच राहिलं नसतं. पण कामाची गुणवत्ता आणि वायद्याची सुरक्षितता यांचा एकमेकांशी संबंध नसतो, हे या प्रकरणाने कायमचं सिद्ध केलं.

सन मायक्रोसिस्टिम्सचं ओपनसोलारिस हे याहून जुनं आणि माझ्या मते अधिक दुःखद प्रकरण. २००५ मध्ये सनने आपली सोलारिस ही मातब्बर सिस्टीम खुली केली. झेडएफएस नावाची अफलातून फाइल सिस्टीम त्यातूनच जगाला मिळाली. जानेवारी २०१० मध्ये ओरॅकलने सन विकत घेतली आणि त्याच ऑगस्टपर्यंत खुलं काम गुंडाळलं. जाणकारांनी इलुमॉस या नावाने तो वारसा पुढे नेला, झेडएफएस फ्रीबीएसडी या दुसऱ्या मुक्त सिस्टीममध्ये आणि लिनक्समध्ये जगलं. म्हणजे परवान्याने आपलं काम चोख बजावलं. पण परवाना तुम्हाला निघून जायचा हक्क देतो. निघून जावं लागेल की नाही हे संस्था ठरवते. मोठ्या कंपनीला स्थलांतर म्हणजे एका तिमाहीचं काम. घरच्या माणसाला ते दिवाळीच्या सुट्टीत, पोरांचे फोटो पणाला लावून करायचं असतं.

म्हणून मी डेबियनकडे येतो. इयन मर्डॉकने १६ ऑगस्ट १९९३ ला ते सुरू केलं. आपलं आणि डेब्रा या मैत्रिणीचं नाव जोडून त्याने प्रकल्पाचं नाव केलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्यामागे १९९७ चा सामाजिक करार आणि १९९८ ची लेखी घटना आहे, हे फार थोड्यांना. डेबियन ही कंपनी नाही. तिचे शेअर नाहीत, त्यामुळे ते कोणी विकत घेऊ शकत नाही. नाव आणि पैसा अमेरिकेतली एक ना-नफा संस्था विश्वस्त म्हणून सांभाळते. सुमारे हजार विकासक दरवर्षी मतदान करून प्रकल्पप्रमुख निवडतात, आणि त्या प्रमुखाचे अधिकार इतके बेताचे असतात की एखाद्या साखर कारखान्याच्या संचालकाला त्याची कीवच येईल.

अशा ठिकाणी भांडणं होणारच, आणि डेबियनमध्ये ती भरपूर होतात. २०१४ मध्ये सिस्टीम सुरू करणारा मूळ घटक बदलून सिस्टमडी आणावा का, यावर तांत्रिक समितीत चार विरुद्ध चार अशी मतं पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने फैसला झाला. न पटलेल्या काहींनी बाहेर पडून देव्हुआन काढलं. २०२२ मध्ये दुसरा वाद: वायफायच्या चिपला लागणारं बंदिस्त फर्मवेअर डेबियनच्या अधिकृत सीडीत घालायचं का? तत्त्वनिष्ठांचा विरोध होता, कारण करारात मुक्त सॉफ्टवेअरचा शब्द दिलेला. शेवटी सगळ्यांचं मतदान घेऊन, करारात तशी दुरुस्ती करून मगच ते घातलं. जून २०२३ मधल्या डेबियन १२ पासून जुन्या लॅपटॉपचं वायफाय पहिल्याच प्रयत्नात चालू होऊ लागलं, त्यामागे हे मतदान आहे. नियम बदलला, पण बदलायच्या आधी सांगून, चर्चा करून, हात वर करून. हे सगळं कंटाळवाणं आहे. मला घरच्या सर्व्हरमध्ये नेमका हाच कंटाळवाणेपणा हवा आहे.

त्याचा रोजच्या वापरातला अर्थ असा. साधारण दोन वर्षांनी एक स्थिर आवृत्ती येते. आली की तिच्यातल्या पॅकेजेसच्या आवृत्त्या गोठतात. पुढे फक्त सुरक्षेच्या आणि गंभीर दोषांच्या दुरुस्त्या मिळतात, नवे गुण मिळत नाहीत. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ ला ऑगस्ट २०२८ पर्यंत नियमित आणि जून २०३० पर्यंत दीर्घकालीन साथ आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या आपोआप बसवणारं पॅकेज एकदा लावलं की महिनोन्‌महिने त्या मशीनकडे ढुंकून पाहिलं नाही तरी चालतं. ‘डेबियनमधली पॅकेजेस जुनी असतात’ ही तक्रार मी नेहमी ऐकतो. खरी आहे. डेस्कटॉपवर ती मलाही टोचते. पण कपाटामागच्या मशीनवरचा सांबा दोन वर्षं जुना आहे याने कोणाचं काय बिघडलं, हे मला अजून कोणी पटवून दिलेलं नाही.

आता डेबियनच्या विरोधातला सर्वांत जड पुरावा मीच मांडतो, कारण तो टाळून केलेली शिफारस फुकाची. २००६ मध्ये डेबियनच्या एका देखभालकर्त्याने ओपनएसएसएल या कूटलेखनाच्या लायब्ररीत एक किरकोळ वाटणारी दुरुस्ती केली. तपासणीचं एक साधन एका ओळीबद्दल वारंवार इशारा देत होतं, म्हणून त्याने ती ओळ काढली. पण त्या ओळीतूनच यादृच्छिकपणा येत होता. परिणामी जवळपास दोन वर्षं डेबियन आणि उबुंटूवर बनलेल्या गुप्त किल्ल्या प्रत्येक प्रकारात फक्त ३२,७६८ शक्यतांपैकी एक असत. साध्या लॅपटॉपवर त्या सगळ्या आधीच बनवून ठेवता येतील इतक्या कमी. मे २००८ मध्ये हे उघड झालं आणि जगभर किल्ल्या बदलायची धावपळ उडाली. हजार डोळे असूनही दोन वर्षं कोणाला दिसलं नाही. ‘सोर्स उघडा आहे म्हणजे कोणीतरी तपासत असणारच’ या समजुतीला याहून सणसणीत उत्तर नाही.

तरी २०२४ ची गोष्ट शेजारी ठेवून पाहा. एक्सझेड ही फायली दाबून छोट्या करणारी लहानशी लायब्ररी. तिचा भार वर्षानुवर्षं थकलेल्या एका स्वयंसेवकावर. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोनेक वर्षं मदत करत करत त्याचा विश्वास कमावला, देखभालीचे हक्क मिळवले आणि ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत चोरवाट बसवली. आंद्रेस फ्रॉइंड हा पोस्टग्रेसचा विकासक, मायक्रोसॉफ्टमधला नोकरदार, डेबियनच्या अस्थिर शाखेवर, म्हणजे पुढच्या आवृत्तीच्या कच्च्या मसुद्यावर, वेगळ्याच चाचण्या करत होता. त्याच्या लक्षात आलं की एसएसएचने, म्हणजे दूरच्या मशीनवर शिरायच्या वाटेने, लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. लोक अर्ध्या सेकंदाकडे दुर्लक्ष करतात. त्याने केलं नाही, धागा ओढत गेला आणि २९ मार्च २०२४ ला सगळं जगासमोर ठेवलं. चोरवाट तोवर डेबियनच्या अस्थिर आणि चाचणी शाखांत, फेडोराच्या पुढच्या आवृत्तीच्या तयारीत पोचली होती. डेबियनच्या स्थिर शाखेत ती नव्हती, कारण तिथे एक्सझेड जुनंच होतं. हे शहाणपण म्हणावं की नशीब? दोन्ही थोडंथोडं. आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की मूळ एसएसएचचा एक्सझेडशी संबंधच नव्हता. डेबियनसारख्यांनी सिस्टमडीशी जुळवण्यासाठी आपल्या पदरचं ठिगळ लावलं म्हणून तो आला. दोन्ही प्रकरणांत ठिगळं घरचीच. पण नवं पॅकेज घरच्या मशीनपर्यंत यायला जो उशीर लागतो, त्या उशिरात कोणीतरी दुसरा आधी ठेचकाळलेला असतो. ज्याला सर्व्हर हे साधन म्हणून हवंय त्याने आर्चसारख्या रोज वाहत्या सिस्टीमपासून म्हणूनच दूर राहावं. शिकायला ती सुंदर आहे. शिकायचं मशीन आणि फोटोंचं मशीन एकच असू नये, इतकंच.

उबुंटूचं काय? ते डेबियनवरच उभं आहे, २००४ पासून आहे, मदत मुबलक मिळते, दीर्घकालीन (एलटीएस) आवृत्त्यांना पाच वर्षांची साथ आहे, आणि प्रो योजनेत घरगुती वापरासाठी पाच यंत्रांपर्यंत ती फुकटात दहा वर्षांवर जाते. झेडएफएस हवं असेल तर २०१६ पासून ते तयार बांधून मिळतं, जे डेबियनमध्ये परवान्याच्या तिढ्यामुळे आपल्या मशीनवर बांधून घ्यावं लागतं. कोणी उबुंटू टाकलं तर मी भांडणार नाही. पण मालक कॅनोनिकल ही एक कंपनी आहे आणि तिची दिशा वेळोवेळी दिसते. स्नॅप पॅकेजेसचं दुकान फक्त तिचंच चालतं, त्याची सर्व्हरची बाजू उघडी नाही. स्नॅपचे अपडेट कायमचे थांबवून ठेवायची सोयसुद्धा बरीच वर्षं नव्हती. जुलै २०२३ मध्ये एलएक्सडी हा कंटेनरचा प्रकल्प तिने समुदायाच्या छत्राखालून काढून स्वतःकडे घेतला आणि महिन्याभरात जुन्या मंडळींनी इंकस नावाने वेगळी चूल मांडली. यातलं काहीच भयंकर नाही. सेंटओएससुद्धा २०१९ पर्यंत भयंकर नव्हतं.

तयार खोक्यासारख्या सिस्टीमांचा मोह मला समजतो. ट्रूनॅस टाका, ब्राउझरमध्ये पॅनेल उघडा, डिस्कवर क्लिक करा, काम झालं. पण तिची कुळकथा ऐकण्यासारखी आहे. २००५ मध्ये ऑलिव्हिए कोशार-लाबे याने फ्रीबीएसडीवर फ्रीनॅस काढलं. २००९ मध्ये ते डेबियनवर न्यायची चर्चा झाली. आयएक्ससिस्टिम्स या कंपनीने प्रकल्प हाती घेऊन फ्रीबीएसडीवरच राखला, आणि डेबियनवर जाऊ पाहणाऱ्या फोल्कर टाइलेने ओपनमीडियाव्हॉल्ट वेगळं काढलं. मग दहा-बारा वर्षांनी त्याच कंपनीने डेबियनवर आधारलेलं ट्रूनॅस स्केल आणलं आणि फ्रीबीएसडीवालं ट्रूनॅस कोअर, म्हणजे पूर्वीचं फ्रीनॅसच, हळूहळू बाजूला सारलं. स्केलमध्येही अ‍ॅप चालवायला आधी कुबर्नेटिस होतं, ऑक्टोबर २०२४ मध्ये ते जाऊन डॉकर आलं, आणि बाहेरच्या कॅटलॉगमधून अ‍ॅप घेतलेल्या अनेकांना आपली मांडणी नव्याने करावी लागली. प्रत्येक निर्णय तांत्रिकदृष्ट्या समर्थनीय होता. डॉकरचा तर योग्यच होता. पण पॅनेलने जे लपवलं होतं तेच बदललं, आणि लपवल्यामुळे ते शिकायची वेळ बदलाच्या दिवशीच आली.

फ्रीबीएसडीबद्दल माझ्या मनात खरा आदर आहे. बर्कलीच्या परंपरेतली, डेबियनच्याच वयाची, कंपनीच्या मालकीची नसलेली. पाया एकीकडे आणि वरची सॉफ्टवेअरं दुसरीकडे अशी स्वच्छ विभागणी, झेडएफएस घरचंच, आणि तिचं हँडबुक म्हणजे तांत्रिक लेखन कसं असावं याचा वस्तुपाठ. संस्थेच्या कसोटीवर ती डेबियनच्या तोडीस तोड उतरते. अडतं ते इतरांमुळे. घरच्या सर्व्हरवर लोकांना आज जी सॉफ्टवेअरं हवी असतात, उदाहरणार्थ फोटोंसाठी इमिच, ती डॉकरच्या कंटेनरमध्ये बांधून येतात, आणि कंटेनर लिनक्स कर्नलच्या सोयींवर उभे असतात. फ्रीबीएसडीवर ते चालवायला आत एक आभासी लिनक्स बसवावं लागतं. मग थेट लिनक्सच का नको, हा प्रश्न येतो आणि त्याला चांगलं उत्तर नाही. शिवाय जुन्या लॅपटॉपच्या वायफायशी तिचं अजून नीट जमलेलं नाही.

इथे कोणी म्हणेल, सगळं कंटेनरमध्येच चालणार असेल तर खालची सिस्टीम कोणती याने काय फरक पडतो? हा आक्षेप मला सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. वरचा मजला रोज बदलणारा असेल, तर खालचा तरी न हलणारा हवा. इमिच स्वतःच वर्षानुवर्षं बजावत होतं की फोटोंची एकमेव प्रत इथे ठेवू नका, कारण आम्ही वेगाने बदलतोय. एका रात्री अपडेटनंतर फोटो दिसेनासे झाले तर दोष वरच्या मजल्याचा की पायाचा, हे शोधायला निदान एक बाजू शंकेबाहेर असावी लागते. दोन्ही बाजू हलत असतील तर रविवार गेला.

राहिल्या घरच्या गोष्टी. जुना डेस्कटॉप सतत ७० वॅट ओढत असेल तर महिन्याला सुमारे ५० युनिटं होतात. महावितरणच्या बिलात १०० युनिटांपुढचा दर पहिल्या टप्प्यापेक्षा बराच चढा आहे, त्यामुळे ही ५० युनिटं नेमकी महागड्या टप्प्यात जाऊन बसतात. जुना लॅपटॉप १५ वॅटवर भागवतो, म्हणजे महिन्याला ११ युनिटांच्या आत, आणि त्याची बॅटरी वीज गेल्यावर इन्व्हर्टर चालू होईपर्यंतची वेळ निभावते. झाकण मिटल्यावर झोपू नकोस, एवढं एका फायलीत त्याला सांगून ठेवावं लागतं. लॅपटॉप ६४-बिटचा आहे ना, तेवढं पाहा. डेबियन १३ ने जुन्या ३२-बिट मशीनसाठीचं कर्नल आणि इन्स्टॉलर बंद केलंय. बाहेरून पोचायचं तर आपल्याकडच्या बऱ्याच घरगुती जोडण्यांना स्वतःचा सार्वजनिक पत्ता मिळत नाही, कंपनी एका पत्त्यामागे अनेक घरं बसवते. त्यावर वायरगार्ड या आभासी खाजगी जाळ्याचा किंवा वायरगार्डवर उभ्या असलेल्या सेवांचा उपाय आहे, आणि २०२० पासून वायरगार्ड कर्नलमध्येच असल्याने इथेही वाणांमध्ये फारसा फरक उरलेला नाही.

फरक पडतो तो माणसांनी. सर्व्हर डोंबिवलीत, तो मांडणारी मुलगी टोरंटोला, आणि घरी आईवडील: हे चित्र आज काही विरळ नाही. मशीन अडलं तर तिथे जाऊन कोण बघणार? शेजारचा इंजिनिअरिंगचा पोरगा. त्याने कॉलेजात उबुंटू पाहिलेलं असतं, सी-डॅकचं बॉस लिनक्सही डेबियनवरूनच बेतलेलं आहे, त्यामुळे डेबियनवर त्याचा हात कुठे अडत नाही. निक्सओएसची एका फायलीत सगळी सिस्टीम लिहून ठेवायची कल्पना माझ्या मते गेल्या वीस वर्षांतली सर्वांत हुशार कल्पना आहे, पण त्या पोरासमोर ती फाइल उघडली तर तो हात जोडून घरी जाईल. डेबियनचा आणखी एक फायदा म्हणजे तो समाज आपल्यापासून लांब नाही. त्यांचं वार्षिक संमेलन २०२३ मध्ये कोचीला भरलं होतं आणि भारतातले कितीतरी विकासक त्यात वर्षानुवर्षं काम करतायत.

एवढं सगळं म्हणून झाल्यावर अपवाद सांगतो. चार मोठ्या डिस्क आहेत, फक्त फायली साठवायच्या आहेत आणि काळ्या पडद्यावर आज्ञा टंकायची धास्ती वाटते, तर ओपनमीडियाव्हॉल्ट घ्या. खाली डेबियनच आहे, पॅनेल सोडावंसं वाटलं तर पाया बदलावा लागत नाही. एकाच मशीनवर अनेक आभासी मशीनं चालवायची असतील तर व्हिएन्नाच्या लोकांचं प्रॉक्समॉक्स आहे, तेही डेबियनवर उभं आणि चांगलं आहे, पण फोटो आणि बिलं एवढ्यासाठी ते जरा जास्तच. आणि तुमच्या गल्लीत कोणी पंधरा वर्षं फ्रीबीएसडी चालवणारा आणि रात्री अकराला फोन उचलणारा माणूस असेल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून फ्रीबीएसडी टाका, आणि झेडएफएसच्या दोन डिस्कांची जोडी त्याच्याकडूनच लावून घ्या.